मामाजीले तीस पौंड हवा

"तू पंक्चरवाला हायेस, पंक्चरच काढ! बोटीच्या मोटरीच्या नादी लागू नको!"

नजीरचाचा रोडच्या त्या बाजूनं वरडले अन् ऋतिकचा हात टायरमंदीच अडकला. झालं! ऋतिकले कोणी 'हे तुह्याच्यानं होत नाई' म्हटलं का त्याचं डोकं असं तापे, का वर भाकर टाकली तं टम्म फुगून येईन!

"काहून? पंक्चर काढणाऱ्याले डोकं नसते काय?"

"डोकं असतं तं दहावीतून पळाला असता काय बे?"

आता पाहा, दिग्रसवून धरणाकडं जाणाऱ्या रोडवर, जिथं वळणावून पाणी दिसाले लागते, तिथं एका बाजूनं ऋतिकची टपरी. वर पाटी 'ऋतिक पंक्चर', खाली हवेची टाकी, पाण्याचा टब, अन् मालक स्वतः. उमर सतरा. दहावीत गणिताच्या मास्तरसंगं भांडण झालं अन् पठ्ठ्यानं दप्तर खिडकीतून फेकलं अन् स्वतः दरवाजातून निघून आला. समोरच्या बाजूनं नजीरचाचाचं वर्कशॉप. ट्रॅक्टर, पंप, थ्रेशर, काय बी आणा. चाचा आधी शिव्या देत, मंग दुरुस्त करत.

अन् या दोघाच्या मधात, रोडवर, एका ऑटोत, हिरव्या लुगड्यात गुंडाळलेली मोटर. नवरी बसली असं वाटे!

लुगडं रुखमाबाईचं. मोटर तिच्या सासऱ्याची. सासऱ्यानं ती कधी काळी सरकारी लिलावात घेतली, तिच्या जोरावर धरणभर मासोळी धरली अन् एक दिवस मोटर सोडून देवाघरी गेले. आता रुखमाबाईच्या घरी सुनेनं सासऱ्याचं नाव घ्याची रीत नाई. तिनं काय केलं, सासऱ्याले म्हणे तेच नाव मोटरीले ठेवलं, मामाजी! नुसतं नाव नाई, डोक्यावर पदर घेतल्याशिवाय ती मोटरीची दोरी ओढत नसे. दांडग्या हाताची बाई, एका झटक्यात मोटर चालू करे, पण पदर घसरला तं मोटर बंद करून आधी पदर घे, मंग पुन्हा दोरी!

"मामाजी गळून राह्यले," रुखमाबाई चिंतेनं म्हणे. "पाण्यातल्या पंख्याच्या मांगं जे गिअरची पेटी हाय ना, त्यात तेल टिकत नाई. रात्रभर थेंब थेंब गळते अन् पाणी आत घुसते. सकाळी पाहा तं तेलाचा चहा!"

खरंच. तिनं बाटलीत आणलेलं तेल दाखवलं. काळ्या तेलात पाणी मिसळून असा दुधाळ रंग आलता, का ऑटोवाल्यानं घोट मारासाठी हात पुढं केला!

"रविवारी माह्या प्रेरणाचं साक्षगंध हाय," ती म्हणे. प्रेरणा म्हणजे तिची नात अन् साक्षगंध म्हणजे साखरपुडा. "पोराकडचे त्या काठावून येऊन राह्यले. आजपावतर आमचे सोयरे मामाजीवरच आले. या नातीचे काय वल्हे मारत आणू?"

"बाई, भंगारात टाका," चाचा म्हणे. "याचे तेल अडवाचे सील बाजारात मिळत नाई. इसके जमाने के सब गुजर गए."

रुखमाबाईनं घाईघाईनं मोटरीवर लुगडं ओढलं. मामाजीच्या कानावर पडू नये म्हून.

पण ऋतिक! या पोट्ट्याच्या तोंडाले लगाम नसला तरी डोळा असा तिखट, का चालत्या ट्रकच्या टायरातला खिळा रोडच्या पल्याडून दिसे. तो वाकला. पंख्याच्या मांगं बोट घातलं. हिरवं काही तरी चमकलं.

"चाचा, चष्मा घरी राह्यला काय?"

अन् त्यानं ओढाले सुरुवात केली. जाळ्याचा नायलॉनचा दोरा! निघे, निघे, निघतच जाय, जादूगराच्या तोंडातून रिबिन निघते तसा! पंख्याच्या दांड्यावर गुंडाळत गुंडाळत थो दोरा आत घुसलता अन् त्यानं तिथलं सील चाकूवानी कापलं होतं.

"हे पाहा! इथून गळते! मामाजीले काही झालं नाई, फक्त चड्डीची नाडी अडकली!"

ऑटोवाला हसला. रुखमाबाईनं हसू पदरात दाबलं. चाचानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला अन् म्हणे, "दोरा निकाला, ठीक. लेकिन सील बसवणं अन् दोरा ओढणं यात फरक हाय."

"रविवारी सकाळी एक थेंब गळला ना, तं नाव बदलून घेईन!"

"नाव कायले बदलतं?" मांगून आवाज आला. ऋतिकची माय, कोकिळा, डबा घेऊन उभी होती. कधीची उभी होती देव जाणे. या बाईच्या चपलेचा आवाज होत नसे, हे ऋतिकच्या जिंदगीचं सगळ्यात मोठं दुखणं! "नाव ठेव तेच. एक थेंब गळला तं बाहेरून बसाचा सतरा नंबरचा फॉर्म भरजो अन् दहावीले बसजो."

ऑटोवाल्यानं हसू गिळलं. हवेच्या टाकीनंही फुस्स करणं बंद केलं.

"अन् नाई गळला तं?"

"तं या जन्मात तुले शाळेचं नाव नाई काढणार. अख्ख्या दिग्रससमोर सांगतो."

"मंजूर!" ऋतिकनं छाती अशी पुढं काढली, का शर्टाचं बटन उडालं अन् टबात पडलं. ते काढाले कोणी गेलं नाई. मालकाचा रुबाब होता ना!

सबमर्सिबल पंपाच्या सामानातून त्यानं हुबेहूब मापाचं सील शोधलं. बसवलं. असं बसवलं, का कंपनीवाल्यानं पाहिलं असतं तं लाजला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी, शुक्रवारी, त्यानं परीक्षा लावली. पंक्चरवाल्याची परीक्षा एकच: हवा भरा, पाण्यात बुडवा, बुडबुडे पाहा. चूक सापडते. डॉक्टरले सापडत नाई इतकी सापडते!

टब लहान पडला म्हून कोकिळाचा अंघोळीचा ड्रम आणला. मामाजी उभेच्या उभे ड्रमात. तेलाच्या भोकाले हवेचा पाइप जोडला. आता हवा किती द्याची?

इथं पाहा, ऋतिकले कोणाले इचाराची गरज नव्हती. मोटरसायकलच्या टायरले किती? तीस पौंड. ट्रकले त्याहून बम जास्त. अन् हे तं लोखंडासारखं दणकट! तीस तं द्यालाच पाहिजे. टायरले कमी हवा देली तं गिऱ्हाईक शिव्या देते, हे त्याच्या हाडात मुरलेलं!

पाच पौंडाले एक बी बुडबुडा नाई. दहाले नाई. ऋतिक ओरडला, "चाचा, येऊन पाहा! कोरडी ठणठणीत!"

नजीरचाचा जुम्म्याच्या नमाजले निघाले होते. आंगावर पांढराशुभ्र कुर्ता, कडक इस्त्री, कानात अत्तराचा बोळा. ते रोड ओलांडून आले, वाकले, काटा पाहिला. काटा पंचवीसवर होता अन् चढून राह्यलता.

"अबे रोक! रोक! ट्यूब हाय काय ते—"

फटाक्!

मामाजीनं श्वास सोडला! वरचं सील उडालं, मधलं उडालं, गिअरच्या दांडीचं उडालं, अन् पेटीत राह्यलेलं सगळं तेल पाण्यासंगं कारंज्यावानी वर गेलं. खाली कुठं आलं? चाचाच्या कुर्त्यावर! पांढऱ्या कुर्त्यावर दुधाळ तेलाचा असा नकाशा उमटला, का त्यात दिग्रस, पुसद, यवतमाळ सगळं दाखवता आलं असतं.

लोकं गोळा झाले. कोणी म्हणे टाकी फुटली, कोणी म्हणे सिलेंडर. रुखमाबाई बाजारातून पळत आली. "माय वं, मामाजी!" म्हणून तिनं अशी हाक फोडली, का दोन अनोळखी बायाही तिच्या गळ्यात पडून रडाले लागल्या. कोण गेलं ते त्यायनं नंतर इचारलं.

चाचा तसेच निथळत निघाले. घरी गेले, कुर्ता बदलला, नमाज पढून आले. मंग टपरीत शिरले. अन् मंग बोलले! जे बोलले ते सगळं इथं लिहिता येत नाई. मतलब एवढाच: एका जागी गळत होतं, आता तीन जागी गळते, म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर बैल नाई बसवत, दहा पौंडाच्या वर हवा देणाऱ्याचे हात कलम केले पाहिजे.

ऋतिकचे कान लाल. पण मान? मान ताठच. "दहा पौंडाले तं टिकलं होतं ना? म्हणजे माह्यं सील बरोबर होतं!"

चाचानं त्याच्याकडं पाहिलं. मंग वर्कशॉपात जाऊन बिस्किटाचा जुना डबा आणला अन् आपटला. आत सीलच सील! लहान, मोठे, रबराचे, चामड्याचे.

"तुम्ही तं म्हणे सील मिळत नाई!"

"बाजारात मिळत नाई म्हटलं. माह्या डब्यात नाई असं कुठं म्हटलं? माह्या कुर्त्यावर थुंकली ना ही मोटर, आता माह्यासमोर सीधी चालली पाहिजे. पकड पाना!"

संध्याकाळपावतर दोघंही भांडत होते अन् सील बसवत होते. एकानं 'डावीकडं' म्हटलं का दुसरा 'उजवीकडं'. पण सील बसत गेले. या वेळी हवा देली दहा पौंड, एक पौंड जास्त नाई. ड्रमात पाणी असं शांत, का त्यात तोंड पाहून भांग पाडा.

शनिवारी तेल भराचं काम. चाचा रोडच्या त्या बाजूवून, थ्रेशरच्या पोटात डोकं घालून, वरडून सांगत.

"तेल खालच्या भोकातून भर! वरच्यातून हवा निघते! वरून भरशीन तं आत हवा अडकते!"

"माहीत हाय!"

"वायसर नवे टाक!"

"टाकले!"

"अन् आयक, बाजूला जो तिसरा स्क्रू हाय ना—"

"चाचा! मले शिकवू नका! कालपासून शिकवून राह्यले! मी काय बालवाडीत हावो?"

थ्रेशरच्या पोटातून चाचाचं डोकं बाहेर आलं. "नाई शिकवत! जा! आता या तोंडातून एक अक्षर निघलं तं सांगजो!"

अन् ऋतिकनं तेलाचा समजून तिसरा स्क्रू फिरवून काढला. दिसाले अगदी तसाच होता, जुळा भाऊच! आतून आवाज आला. टक्.

लहानसा आवाज. दाणा फुटावा एवढा. ऋतिकनं कान टवकारले. स्क्रूतून तेल निघत नाई म्हून त्यानं तो पुन्हा घट्ट बसवला. गिअरचा दांडा हलवून पाहिला तं जरा ढिला लागला. पण पैज कशाची होती? गळतीची! दांड्याचं कोणी नाव काढलं होतं काय? रोडच्या पल्याड चाचानं तोंडाले कुलूप लावलेलं. ऋतिकनंही नाई इचारलं. इचारलं असतं तं तो ऋतिक कायचा!

रात्री मोटर टपरीच्या बाकड्याले कसली अन् खाली कोकिळानं स्वतः आणून दहावीच्या गणिताचं पुस्तक उघडून ठेवलं. बरोबर पंख्याखाली. "थेंब पडला तं यावरच पडला पाहिजे," म्हणे.

सकाळी पुस्तक कोरं! बीजगणितावर एक डाग नाई! त्या पुस्तकाचा उभ्या आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. कोकिळानं पान बोटानं घासून पाहिलं, वास घेतला, उन्हात धरलं. ऋतिक कॉलर वर करून टपरीभोवती तीन फेरे मारून आला.

काठावर नाव तयार होती. मामाजी मांगच्या फळीवर कसले. रुखमाबाईनं पदर घेतला, हात जोडले, दोरी ओढली. फटफटफट! नाव काठावून मांगं सरकली. आता काठावून निघताना नाव मांगंच सरकते, त्यात नवल काय? लोकायनं टाळ्या वाजवल्या. नावेत बसलेल्या ऋतिकनं हात हलवला.

मंग रुखमाबाईनं दांडा पुढं केला. नाव मांगं.

पुन्हा केला. नाव मांगं.

"ऋतिक, मामाजी आयकून नाई राह्यले!"

ऋतिकनं दांडा पुढं केला, मांगं केला, वर उचलला. दांडा भाजीतल्या पळीवानी फिरे अन् मोटर रिव्हर्समंदीच! तेव्हा त्याच्या डोक्शात कालचं ते 'टक्' वाजलं. असं वाजलं, का शाळेची घंटा!

त्या तिसऱ्या स्क्रूवर आतली गिअर बदलाची कैची लटकलेली असते. स्क्रू काढला का कैची पडते. पडली ती रिव्हर्समंदी पडली. चाचा हेच सांगत होते!

"वापस घेऊ काय?"

"वापस? काठावर अख्खं गाव उभं हाय! चालू द्या असंच!"

रिव्हर्समंदी मोटर पाण्यातून वर उठाले लागली. ऋतिकनं खिशातून सायकलची ट्यूब काढली (पंक्चरवाल्याच्या खिशात रुमाल नसते, ट्यूब असते) अन् मामाजीले फळीशी करकचून बांधलं. नाव आपल्या ढुंगणाच्या दिशेनं धरण कापत निघाली. वाटेत दोन मासेमारे वल्हं सोडून पाहात राह्यले. ऋतिकनं त्यायले असा सलाम ठोकला, जसं काही ठरवून चालून राह्यला.

त्या काठावर पाव्हणे सजून उभे. नवरदेव श्रावण, तिथल्याच शाळेत मास्तर. अन् त्याची आत्या भुरीबाई, नाकात मोठी नथ, आवाज त्याहून मोठा.

"हे काय वं, नाव उलटी काहून आली?"

रुखमाबाईचं तोंड उतरलं. सोयरीक तुटते का काय! पण ऋतिक कायले हारते?

"आत्याबाई, आमच्याकडची रीत हाय! पोरगा निघाला का त्यानं आपल्या गावाले पाठ नाई दाखवाची. गावाकडं तोंड करून बसा लागते, गाव नजरेआड होयेपर्यंत. म्हून नाव उलटी नेतो आम्ही."

भुरीबाईनं डोळे पुसले! खरंच पुसले! "किती मायेची रीत वं बाई. आमच्यात कोणाले सुचलं नाई." अन् सगळे पाव्हणे भक्तिभावानं आपल्या गावाकडं तोंड करून बसले. बांबूनं ढकलून नाव फिरवली अन् वरात निघाली. पाठ पुढं, तोंड मांगं. मांगच्या फळीवून पाणी आत येई ते ऋतिक घमेल्यानं उपसे अन् म्हणे, "हेही रीतीतच हाय!"

पण इकडचा काठ! इकडं ती रीत कोणाले माहीत? पाठमोरे पाव्हणे येताना पाहून पोट्टेसोट्टे लोळून हसाले लागले. "अबे, मामाजी उलटे आले! मामाजी उलटे आले!"

नजीरचाचानं तोंडाचं कुलूप उघडलं. "तिसरा स्क्रू," एवढंच म्हणे. पण आधी त्यायनं मोटर उचलली, खिशातून नवाकोरा रुमाल काढला अन् पेटीवून, दांड्यावून, स्क्रूवून फिरवला. रुमाल उलटा करून सगळ्यायले दाखवला.

पाण्यानं ओला, पण तेलाचा डाग नाई! एक थेंब नाई! धरण दोनदा ओलांडून एक थेंब नाई!

"माशाल्ला," चाचा हळूच म्हणे. ऋतिकनं ते आयकलं. ते त्याच्यासाठी कोणत्या सर्टिफिकेटापेक्षा मोठं होतं. तो नावेच्या फळीवर चढला. "माय! पाह्यलं? जिंकलो! शाळेचं नाव खतम!"

कोकिळानं मान खाली घातली. शब्द म्हणजे शब्द. तिनं पदराचा काठ बोटाले गुंडाळला अन् सोडला.

तेवढ्यात भुरीबाई नावेतून उतरली. हसणं आयकून तिच्या ध्यानात आलं होतं. "म्हणजे रीत नाई हाय? बिघाड हाय? माह्या भाच्याले उलटं आणलं? कोणी दुरुस्त केली ही मोटर?"

"या पोट्ट्यानं," दहा बोटं एका बाजूनं उठले.

"हं! शिकला असता चार बुकं, तं सरळ चालली असती! अनपढच्या हाती इंजिन देल्लं का असंच होते!"

झालं! भाकर फुगली!

"अनपढ कोणाले म्हणता हो?" ऋतिक फळीवून गरजला. असा गरजला, का बँडवाल्याच्या हातातली पिपाणी खाली आली. "अख्ख्या जिल्ह्यात हे सील कोणी बसवून दाखवा! अन् शिक्षणाचं म्हणता? यंदा दहावीले बसून राह्यलो मी! गणितासकट! पास नाई झालो तं मिशी नाई ठेवणार!"

मिशी अजून यायचीच होती. पण वाक्य जाऊन चुकलं होतं. काठावर, पाव्हण्यासमोर, बँडासमोर.

कोकिळाची मान हळूहळू वर आली.

"आयकलं ना सगळ्यायनं?" ती म्हणे. एकदम गोड आवाजात.

"आयकलं!" अख्खा काठ म्हणे. सगळ्यात मोठ्यानं नजीरचाचा.

नवरदेव श्रावण पुढं आला. "गणित मी शिकवीन. रोज संध्याकाळी येत जाईन, याच नावेनं. फी नको." हे बोलताना मास्तर ऋतिककडं पाहातच नव्हता. प्रेरणा आरतीचं ताट घेऊन उभी होती, तिकडं पाहून राह्यलता. ऋतिकच्या तिखट डोळ्यानं ते टिपलं. पण टिपून करता काय? रुखमाबाईनं 'या ना, या, घरच समजा' म्हणून तेव्हाच टाकलं!

आता टपरीवर नवी पाटी लागली: 'ऋतिक पंक्चर व बोट मोटर. गळती खात्रीनं बंद.' ढाणकीवून, पुसदवून लोकं जुन्या मोटरी लुगड्यात गुंडाळून आणतात. ऋतिक दहा पौंडच हवा देते अन् तिसऱ्या स्क्रूले लाल रंग लावून ठेवते. नजीरचाचा रोज वरडतात, "अबे, आण त्या मामाजीले! खोलू, कैची बसवू, अर्ध्या दिवसाचं काम हाय!" ऋतिक म्हणे, "पाहू, घाई काय हाय?"

घाई कशी असन? उलटी नाव हळू येते. मास्तर उशिरा पोचते. सरळ केली तं अर्धा तास लवकर येईन अन् भूमितीही घेईन!

कालचीच गोष्ट. एक पाव्हणा मोटर घेऊन आला अन् इचारे, "भाऊ, गळती बंद होईन, पण मोटर सरळ चालन ना?"

ऋतिकचं डोकं तापलं. "सरळ? अहो, मामाजीनं धरण दोनदा पार केलं, एक थेंब तेल—"

फटफटफट. दूर पाण्यावर आवाज आला. ऋतिकनं वळणावून पाहिलं. नाव येऊन राह्यलती. आधी मास्तरची पाठ दिसली.

"बाकी उद्या सांगतो," ऋतिक पाना ठेवत म्हणे अन् बाकड्याखालून तेच गणिताचं पुस्तक काढलं. "मले आता जा लागते."